वाचकांचे प्रश्न : शिक्षा, व्यसनोपचार आणि सुटकेनंतरचे दिवस

प्रश्न : हेरॉइनचं व्यसन असलेला माणूस दीड-दोन वर्षं तुरुंगात काढतो. तेवढ्यात नशा आपोआप सुटत नाही का? मग आत औषधोपचार कशाला?

उत्तर : तलफ सुटत नाही, शरीराची सहनशक्ती मात्र सुटते. जो डोस पूर्वी रोज पचत होता, तोच काही आठवडे बंद राहिल्यावर श्वास थांबवायला पुरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ दरम्यान सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास १३ पट होता. ओव्हरडोसने मरण्याचा धोका तर १२९ पट!

म्हणून औषध आतच सुरू व्हायला हवं. मेथाडोन, म्हणजे हेरॉइनची तलफ शमवणारं औषध, पहिल्या दिवशी साधारण २० ते ३० मिलिग्रॅम देतात. ते अंगात साचत जातं, पुरता परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात. तेवढा धीर न धरता डोस वाढवला तर औषधच जिवावर बेतू शकतं. पुढे बहुतेकांना ६० ते १२० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. कित्येक ठिकाणी रुग्णाला ३०-४० वरच अडकवून ठेवतात, तो चोरून नशा करतो आणि फायलीत 'उपचार निष्फळ' असा शेरा पडतो.

तलफ शमवणारं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन. त्याची गोळी जिभेखाली विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात. कैदी ती तोंडात लपवून विकतात ही अधिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. आधी पाण्याने तोंड ओलं करायला लावा, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसवा, शेवटी जीभ उचलून बघा. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. चोरीच्या भीतीने औषधच बंद करणं हा निव्वळ आळस. नाल्ट्रेक्सोन हा तिसरा पर्याय; ते अफूजन्य नशेचा परिणामच रोखतं. पण त्याआधी ७ ते १० दिवस अफूजन्य काहीही घेतलेलं चालत नाही, नाहीतर उलट्या, जुलाब, अंगदुखी एकदम उसळते.

अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगांत तिन्ही औषधं खुली केली. मृत्यूआधीच्या वर्षभरात तुरुंगातून सुटलेल्यांचे ओव्हरडोसमृत्यू २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, २०१७ च्या त्याच काळात ९. आकडे लहान आहेत, हे ध्यानात ठेवूनच बोलावं.

प्रश्न : सुटकेच्या दिवशी कैद्याच्या हातात नेमकं काय द्यावं?

उत्तर : ओळखपत्र, चालू औषधाचा आणि डोसचा लेखी तपशील, पुढच्या भेटीपर्यंत पुरेल एवढं औषध, आणि दवाखान्याची ठरलेली तारीख-वेळ. 'जमेल तेव्हा जाऊन या' म्हणजे भेट ठरलेली नाही. ती एक-दोन दिवसांतली हवी. सोबत नालोक्सोनचे, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचे, दोन स्प्रे द्यावेत आणि ते कसे वापरायचे हे घरच्यांना शिकवावं, कारण बेशुद्ध माणूस स्वतःला स्प्रे मारू शकत नाही. एका नाकपुडीत एक स्प्रे, रुग्णवाहिकेला फोन, तोंडाने श्वास; दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा. सुटणाऱ्या कैद्यांना नालोक्सोन देण्याची राष्ट्रीय योजना स्कॉटलंडमध्ये २०११ पासून आहे.

वारही बघा. शुक्रवारी दुपारी सुटलेल्याला सोमवारपर्यंत सगळ्या कचेऱ्या बंद, आणि उघडे दरवाजे बहुधा जुन्या दोस्तांचेच. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ च्या कायद्याने अशा कैद्यांना एक-दोन दिवस आधी सोडण्याची मुभा दिली.

प्रश्न : कायद्यातच किमान शिक्षा ठरवून टाकली तर न्यायाधीशांचा मनमानीपणा थांबेल ना?

उत्तर : थांबत नाही, जागा बदलतो. शिक्षा कलमाला चिकटली की कलम लावणाराच शिक्षा ठरवतो, म्हणजे सरकारी वकील. आणि तो ते बंद दाराआड ठरवतो. न्यायाधीशाला निदान निकालपत्रात कारणं लिहावी लागतात. दुसरी गोम वजनाची. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (ओढायच्या कोकेनच्या खड्यांना) पाच वर्षांची किमान कैद होती. पावडर कोकेनसाठी तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागत. दोन्ही मुळात कोकेनच. क्रॅकची मर्यादा २८ ग्रॅम व्हायला २०१० उजाडलं, आणि आधीच आत बसलेल्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८. आकडा एकदा कायद्यात गेला की तो हलवायला संसदच लागते. शिवाय वचक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीचा. दहाची पंधरा वर्षं केल्याने फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : वाट चुकलेल्या मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देववून सुधारता येतं का?

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९७० च्या दशकात हा प्रकार गाजला. पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तुलना केली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनीच पुढे जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. शाळेने सहल आखली असेल तर रद्द करावी.