गंजलेला पत्रा : किती कापावा, कसा जोडावा

प्रश्न : माझ्याकडे 1960च्या दशकातील एक मोटार आहे. मागच्या चाकाच्या कमानीवर आणि दरवाजाखालच्या सिलवर रंगाला फोड आले आहेत. फोड घासून, पुटी भरून वर रंग मारला तर काम भागेल, असे रंगाऱ्याचे म्हणणे आहे. ते कितपत खरे?

उत्तर : रंगाऱ्याचा सल्ला रंगापुरता ठीक आहे, पत्र्यापुरता नाही. दगडाचा टवका उडून वरून लागलेला गंज आणि आतून खात आलेला गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सांगितलेल्या जागा पाहता आपल्या गाडीत दुसऱ्या प्रकारची शक्यता जास्त वाटते. सिल ही आतून पोकळ पेटी असते, आणि चाकाच्या कमानीत आतला व बाहेरचा पत्रा एकमेकांवर दुमडून जोडलेला असतो. चिखल आणि ओल या सांध्यात अडकते, तिथून पत्रा आतल्या बाजूने पातळ होत जातो, आणि मूळ लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागत असल्यामुळे तो शेवटी रंगाला बाहेर ढकलतो. म्हणजे फोड दिसतो तेव्हा गंजाचा प्रवास बहुधा संपत आलेला असतो.

फोडाभोवतीचा रंग हातभर जागेत काढून पत्रा उघडा करावा आणि बोथट स्क्रूड्रायव्हरचे टोक बेताने दाबत पुढे सरकावे. निरोगी पत्रा दाद देत नाही. खाल्लेला पत्रा किंचित दबतो, कुरकुरतो किंवा सरळ भोक पडते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिल्यास चांगला भाग ठणठणीत वाजतो, तर आत गंजाचे पापुद्रे साचलेला किंवा पूर्वी कोणी पुटीने भरलेला भाग बद्द बोलतो. बारीक चुंबकही उपयोगी पडते, कारण जाड पुटीवर ते धड चिकटत नाही. सिलच्या तळाची भोके मोकळी करून आत छोटा कॅमेरा घालता आला तर उत्तमच. बाहेर मोहरीएवढे छिद्र असेल, तर आत तळहाताएवढा भाग कागदासारखा झालेला असू शकतो, हे लक्षात ठेवून कापण्याची रेघ छिद्राजवळ न आखता पूर्ण जाडीचा, चकचकीत पत्रा जिथे लागतो तिथे आखावी.

सिल कापण्याआधी एक गोष्ट तपासावी. गाडीची बॉडी स्वतंत्र चॅसीवर बसवलेली नसून बॉडी हाच सांगाडा असेल, तर सिल शोभेची पट्टी नसते. गाडीचा भार पेलणाऱ्या भागांपैकी ती एक असते. अशा गाडीचे वजन आसांवर, म्हणजे चाकांच्या बाजूने पेलून धरावे, दरवाजाच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या तात्पुरत्या जोडाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकच बाजू कापावी. सिल बसवल्यावर दरवाजा घासू लागला, तर चूक बिजागरीत शोधू नये. ती बहुतेक वेळा या टप्प्यावर झालेली असते.

प्रश्न : ठिगळ जोडताना पत्रा वळतो आणि त्यावर लाटा उठतात. माझ्या हाताची चूक आहे की मशीनची?

उत्तर : बहुधा दोन्हींपैकी कोणाचीच नाही, चूक घाईची आहे. बॉडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. वेल्डिंगच्या रेषेत तो तापून फुगू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो तिथेच दबतो आणि थंड होताना आक्रसतो. ही आक्रसलेली रेघ आजूबाजूच्या पत्र्याला ओढून घेते, आणि लाटा दिसतात त्या त्या ओढीच्या. सलग टाका ओढत नेला तर हे होणारच.

ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्याच्या जाडीचाच घ्यावा आणि त्याचे कोपरे गोल ठेवावेत. शक्य असेल तिथे कड कडेला भिडवून जोड द्यावा व मध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट ठेवावी. मिग मशीनला (यात वितळून टाका बनणारी तार आपोआप पुढे सरकते) 0.6 मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरले, तर पातळ पत्रा जळून भोके पडण्याचा त्रास कमी होतो. आधी चारही बाजूंना एकेक टाका, मग त्यांच्या मधोमध आणखी एकेक, असे समोरासमोर उड्या मारत जावे. आधीच्या टाक्याला बोट टेकवता आले तरच त्याच्या शेजारी पुढचा टाका द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते कंटाळवाणेच राहणार.

पुढची पायरी अनेक जण सोडून देतात. टाका पत्र्याच्या पातळीला येत आला की मागच्या बाजूने डॉली, म्हणजे हातात धरायचा जड लोखंडी ठोकळा, घट्ट धरून समोरून हातोडीने त्याच रेषेवर हलके, पण सलग ठोके द्यावेत. आक्रसलेला धातू ठोक्याखाली पुन्हा पसरतो आणि ओढ सैल होते. तळवा फिरवत गेल्यास लाट उतरताना हाताला जाणवते. ठोके डॉलीवरच पडले पाहिजेत. बाजूला पडले तर नवे पोचे येतात. टिग (टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) किंवा गॅसचा टाका मऊ असल्यामुळे तो या ठोक्यांना लवकर दाद देतो. मिगचा टाका तुलनेने कडक असतो, म्हणून तो आधी घासून घ्यावा लागतो. ग्राइंडर मात्र एका जागी रेंगाळू देऊ नये, कारण पत्रा निळा पडला की समजावे, पुन्हा उष्णता आणि पुन्हा आक्रसणे सुरू झाले.

एकावर एक चढवलेला जोड सोपा असतो, परंतु दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल राहते. फ्लोअरला तसा जोड द्यावाच लागला, तर वरून आणि खालून सीलर भरावा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणारे टाके, जिथे होते तिथे नव्या पत्र्याला 5-6 मिलिमीटरची भोके पाडून त्यांतून टाके भरणे योग्य. त्याने मूळची ठेवणही राखली जाते.

सावधगिरीबद्दल थोडे. बॅटरी सोडावी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी; रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासताना चांगला मास्क लावावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग मुळीच करू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

प्रश्न : गंजाचे रूपांतर करणारे द्रावण लावले तर कापाकापी टळेल का?

उत्तर : पत्र्याची जाडी शाबूत असेल तर टळेल. फॉस्फरिक आम्लाचे द्रावण पत्र्याच्या खड्ड्यांत उरलेल्या पातळ गंजाचे लोह फॉस्फेट बनवते. गेलेले लोखंड ते परत आणत नाही. सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढल्याशिवाय ते लावणे व्यर्थ आहे. डब्यावर सांगितल्याप्रमाणे उरलेले आम्ल धुऊन जागा पूर्ण वाळवावी, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, नीट धरत नाही.

प्रश्न : पूर्ण बॉडी सँडब्लास्ट (वाळूच्या जोरदार माऱ्याने साफ) करून घेऊ का?

उत्तर : चॅसी, सस्पेन्शनचे भाग आणि जाड कंस यांना अवश्य करा. बॉनेट, छत आणि दरवाजाचा बाहेरचा पत्रा यांना जोरदार मारा सोसत नाही. पृष्ठभाग ताणला जाऊन सपाट पत्रा फुगतो आणि तो पुन्हा सरळ करणे फार जिकिरीचे होते. तिथे रंग उतरवण्याचे रसायन आणि हात, हाच मार्ग बरा. साफ केलेला पत्रा मात्र उघडा ठेवू नये, दमट हवेत काही तासांतच त्यावर नारिंगी छटा येते.

प्रश्न : पुटी अजिबात वापरू नये का? आणि आतून मेण मारतात ते केव्हा?

उत्तर : पुटी वापरावी, पण हातोडीने सरळ केलेल्या पत्र्यावरची शेवटची उणीव भरण्यापुरती, 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड थर लागत असेल तर पुन्हा हातोडी उचलावी. पॉलिस्टर पुटी ओल शोषते, म्हणून आधी इपॉक्सी प्रायमर आणि मग पुटी हा क्रम मला अधिक भरवशाचा वाटतो. भोकावर तर ती कधीच भरू नये, कारण मागून येणारी ओल तिला काही महिन्यांत सोडवते.

पोकळीतले मेण सर्वांत शेवटी मारावे. मेणावर रंग बसत नाही आणि मेण मारलेल्या सिलजवळ वेल्डिंग केले तर आत आग लागू शकते. नळीच्या टोकाला सर्व बाजूंनी फवारणारे तोंड लावून ती पोकळीच्या शेवटापर्यंत सरकवावी आणि मागे ओढत ओढत मेण सोडावे. खालच्या सांध्यातून ते पाझरताना दिसले की आत पोहोचले असे समजावे. दुसऱ्या दिवशी दरवाजांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निथळण्याची जी भोके असतात त्यांतून एकेक करून तार फिरवावी, कारण मेणाने ती बुजतात आणि पाणी आतच साचून राहते.