अमेरिकेतील वसाहतींमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध असंतोष का वाढत गेला?

कराच्या रकमेपेक्षा तो लावण्याच्या अधिकाराचा वाद येथे मोठा होता. फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा कर्जात बुडालेल्या ब्रिटनने १७६५ मध्ये मुद्रांक कायदा करून वृत्तपत्रांपासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत अनेक वस्तूंवर कर बसवला. परंतु ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने आपल्यावर कर लादू नये, अशी वसाहतींची भूमिका होती. कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला, कर लावण्याच्या अधिकाराचा पार्लमेंटचा दावा मात्र कायम राहिला. गंमत म्हणजे १७७३ च्या कायद्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा (होय, आपल्याकडे आलेली तीच) चहा उलट स्वस्त होणार होता, तरीही बोस्टनमध्ये त्याच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या; कारण तो विकत घेणे म्हणजे पार्लमेंटचा कर लावण्याचा अधिकार मान्य करणे. शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद होताच तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले.