भाषाविज्ञानाची पदवी घ्यायची, तर जोडीचा विषय आधी ठरवा

'माझी मुलगी बारावीत आहे. गणित चांगलं आहे, भाषांचीही आवड आहे, गेली दोन वर्षं जपानी शिकतेय. आता म्हणते, पदवी घेईन तर भाषाविज्ञानातच. आमच्या घरात हा विषय कुणालाच माहीत नाही. तिचे बाबा म्हणतात, भाषाच करायची तर सरळ जपानीची पदवी घे, निदान दुभाषी तरी होशील. माझा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, भाषांतरं आता यंत्रंच करतात, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. आम्ही काय ठरवावं? घेतलीच ही पदवी, तर ती वर्षं कशी आखावीत? आणि जपानीचा क्लास चालू ठेवायचा का?' – एक आई

सप्रेम नमस्कार.

आधी बाबांच्या सूचनेबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जपानीची पदवी म्हणजे एक भाषा सफाईने बोलता-लिहिता येईपर्यंत शिकणं आणि तिचं साहित्य वाचणं. भाषाविज्ञानात भाषा ही गोष्ट बनते कशी हे तपासायचं असतं. आवाज तोंडात कुठे तयार होतात, शब्द कसे घडतात, वाक्यात कुणाचं कुणाशी जुळतं, लहान मूल हे सगळं कुणी न शिकवता कसं उचलतं. दहा भाषा येणाऱ्याला हा विषय कंटाळवाणा वाटू शकतो आणि दोनच भाषा येणारा त्यात रमू शकतो. तुमच्या मुलीला भाषा बोलायला आवडतात की उकलायला आवडतात, हे आधी बघायला हवं.

बघायचं कसं? एक प्रयोग घरीच करा. 'चमचा' आणि 'चमचे' हे शब्द मोठ्याने म्हणा. 'चमचा'मधला शेवटचा च दातांजवळचा आहे, जवळजवळ 'त्स'. 'चमचे' म्हणताना तोच च टाळूकडे सरकतो. पहिला च मात्र जागचा हलत नाही. आता 'उंच' आणि 'उंची' म्हणून बघा, 'ताजा' आणि 'ताजी', 'माझा' आणि 'माझी'. पुढे इ-ई किंवा ए आला, की दातांजवळचा उच्चार टिकत नाही. हा नियम तुम्ही आयुष्यभर बिनचूक पाळत आलात आणि शाळेत कुणी तो शिकवला नव्हता. मग तिला विचारा, 'चारा'मधला च दातांजवळचा, तर 'चार'मधला टाळूचा का? दोन्हीकडे पुढे 'आ' हाच स्वर आहे की. म्हणजे आपला नियम एकाच दिशेने चालतो. इ-ए पुढे असेल तर टाळूचाच च येणार, पण टाळूचा च दिसला म्हणून पुढे इ-ए असेलच असं नाही. हे ऐकून मुलगी कागद ओढून आणखी शब्द जमवू लागली आणि 'चार'चं काय करायचं यावर तुमच्याशी वाद घालू लागली, तर विषय तिचा आहे. 'बरं, मग?' म्हणाली, तर बाबांची सूचना गंभीरपणे घ्या. त्यातही काही कमीपणा नाही.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर भाषाविज्ञान ऑलिंपियाडचे जुने प्रश्न सोडवायला द्या. शालेय मुलांसाठी अशी पहिली स्पर्धा १९६५ मध्ये मॉस्कोत झाली, आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ पासून होते, आणि मागच्या वर्षांचे प्रश्न इंटरनेटवर फुकट मिळतात. कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली आठ-दहा वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेले असतात. त्यावरून व्याकरण हुडकायचं आणि नवीन वाक्यं स्वतः करायची. ती भाषा येण्याची गरज नसते, लागते ती चिकाटी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती जेवायचं विसरून अशा प्रश्नाला भिडलेली दिसली, तर माझ्या कुठल्याही अभिक्षमता चाचणीपेक्षा तो पुरावा मी जास्त मानेन. (चाचण्या घेणं हा माझा व्यवसाय आहे, तरीही.)

आता मामांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, पण नवीन नाही. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी न्यूयॉर्कमध्ये रशियन वाक्यं इंग्रजीत आणणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं. यंत्राच्या पदरी शब्द होते अडीचशे आणि व्याकरणाचे नियम सहा. तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी समितीने निराशाजनक अहवाल दिला आणि पैशाचा ओघ आटला. पुढेही अनेक वर्षं अशा यंत्रांसाठी भाषावैज्ञानिक हाताने नियम लिहीत होते. ते काम आता जवळपास संपलं. आजची यंत्रं प्रचंड मजकुरावरून स्वतःच शिकतात. तेव्हा 'ही पदवी घे, भाषांतराची यंत्रं बनवणारी कंपनी घरी न्यायला येईल' असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

मामांनी न पाहिलेला भाग असा. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत आणि यंत्राचं पोट भरेल इतका लिखित मजकूर त्यातल्या मोजक्याच भाषांत आहे. बाकीच्यांसाठी मजकूर कुठून आणायचा, त्यावर खुणा (हे नाम, हे क्रियापद अशा) काय करायच्या, खुणा करणाऱ्या वीस जणांनी एकसारखं काम करावं म्हणून सूचना कशा लिहायच्या, यंत्राचं उत्तर चुकलं तर नेमकं कुठे चुकलं, हे सांगणारी माणसं लागतात. मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला 'चार' आणि 'चारा' यांतला फरक अक्षरांवरून कळत नाही, कारण अक्षर एकच आहे. '५/६' दिसलं तर ती तारीख, अपूर्णांक की 'पाच किंवा सहा', हेही त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. अशा कामांत भाषाविज्ञान शिकलेल्याची नजर उपयोगी पडते.

पण ही कामं मिळवणाऱ्यांच्या हातात बहुधा भाषाविज्ञानाबरोबर दुसरं काहीतरी असतं. माझं सगळं सांगणं इथेच येऊन थांबतं: तो जोडीचा विषय प्रवेशाआधी ठरवा. बहुतेक मुलं तो पदवी झाल्यावर शोधायला निघतात, आणि तोवर काही दारं बंद झालेली असतात. संख्याशास्त्राला गणित सुटलेलं चालत नाही. संगणकाच्या वैकल्पिक विषयांना पहिल्या वर्षाचे पायाभूत विषय झालेले लागतात. प्रयोगशाळेत काम करायचं तर मानसशास्त्रातली संशोधनपद्धती शिकलेली असावी लागते.

तुमच्या मुलीचं गणित चांगलं आहे, म्हणून मी पहिलं बोट संगणक आणि संख्याशास्त्रावर ठेवीन. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणं, तक्ते आणि आलेख हाताळता येणं, संभाव्यतेची भीती नसणं एवढं पदवीबरोबर झालं, तर पुढे संगणकीय भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ती अर्ज करू शकेल. मात्र भाषेच्या यंत्रांमागची अभियांत्रिकी करायची असेल, तर मुख्य पदवी संगणकाची आणि जोडविषय भाषाविज्ञान अशी उलटी मांडणीही शहाणपणाची ठरेल. हा निर्णय तिच्या ओढीवर सोडा. दिवसभर कोड लिहायला आवडेल का, हे तिला आज कदाचित सांगता येणार नाही. एखादा छोटा पायथॉनचा अभ्यासक्रम करून बघितला की महिन्याभरात कळेल.

एका वाटेबद्दल मला बजावून सांगायचं आहे, कारण तिथे मुलं फसतात. वाचा आणि श्रवण उपचार हे क्षेत्र भाषाविज्ञानाला लागून आहे. पक्षाघातानंतर बोलणं हरवलेल्या माणसाला, उशिरा बोलणाऱ्या मुलाला मदत करायची, तर भाषेची रचना कळावीच लागते. पण रुग्णावर उपचार करण्याचा परवाना भाषाविज्ञानाच्या पदवीने मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्यावसायिक शिक्षण आणि देखरेखीखालचं काम लागतं, आणि कित्येक ठिकाणी प्रवेशाला विज्ञानाचे विषय हवे असतात. तिच्या मनात हे असेल तर आत्ताच विचारा. तीन वर्षांनी ते उमगलं तर बराचसा रस्ता पुन्हा चालावा लागेल.

बाकीच्या वाटा थोडक्यात. कोशनिर्मिती, संपादन, भाषाशिक्षण, पाठ्यसामग्री तयार करणं, ॲप्स आणि संकेतस्थळं वेगवेगळ्या भाषांत बसवणं (म्हणजे स्थानिकीकरण), या ठिकाणी ही पदवी चालते, पण त्यासाठी एका भाषेवर पक्की हुकूमत आणि लिहिता हात लागतो. विरळ होत चाललेल्या भाषांचं दस्तऐवजीकरण हे फार मोलाचं काम आहे, पण ते बरंचसं संशोधन अनुदानावर चालतं. प्राध्यापकी हवी तर पीएचडीपर्यंतची तयारी ठेवा, जागा कमी असतात. न्यायवैद्यक भाषाविज्ञानाचं, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात भाषेचा पुरावा तपासण्याचं, नाव मालिका बघणारी मुलं हमखास काढतात. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणारा 'उनाबॉम्बर' १९९६ मध्ये सापडला, त्यात त्याचा छापून आलेला जाहीरनामा वाचून भावाने ओळखलेली लिहिण्याची ढब हा मोठा धागा होता. गोष्ट खरी आहे. पण तेवढ्याच कामावर पोट भरणारे लोक फार थोडे, आणि तेही बहुतेक आधी संशोधक म्हणून उभे राहिलेले.

अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी विषयांची यादी वाचा. स्वनविज्ञान (उच्चार), स्वनिमविज्ञान (भाषेतल्या ध्वनींची व्यवस्था), रूपविज्ञान (शब्दांची घडण), वाक्यविन्यास (वाक्याची रचना) आणि अर्थविज्ञान यांना स्वतंत्र जागा आहे का? की साहित्याच्या पदवीत 'भाषाविज्ञान' नावाची एकच पत्रिका आहे? क्षेत्रकार्याचा, म्हणजे एखाद्या भाषकासमोर बसून त्याची भाषा टिपण्याचा विषय आहे का? दुसऱ्या विद्याशाखेतले विषय घेऊ देतात का, आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प करायला लावतात का? शिकवणारे स्वतः कशावर संशोधन करतात, हेही बघा. एकाच उपपंथाची माणसं भरलेल्या विभागात बाकीचं भाषाविज्ञान नावापुरतं उरतं.

मनासारखा अभ्यासक्रम मिळाला नाही तर हातपाय गाळू नका. अनेक विद्यापीठांत भाषाविज्ञानाच्या एमएला इतर विषयांचे पदवीधरही घेतात. गणित, मानसशास्त्र, संगणक किंवा एखाद्या भाषेची चांगली पदवी घेऊन मग इकडे येणं, हे एखाद्या कच्च्या भाषाविज्ञान विभागात तीन वर्षं काढण्यापेक्षा कधीही बरं.

प्रवेश झालाच, तर पहिलं वर्ष कानाचं समजा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे प्रत्येक उच्चाराला वेगळं चिन्ह देणारी लिपी, पाठ करायची आणि लोकांचं बोलणं त्या लिपीत टिपायचा रोज सराव ठेवायचा. हे वाचून येत नाही, हात आणि कान बसवावे लागतात. त्याच वर्षी जोडविषयाचे पायाभूत पेपर उरकून घ्यायचे. पुढे प्राट हे फुकट सॉफ्टवेअर शिकायचं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर जगभरचे ध्वनितज्ज्ञ वापरतात. त्यात 'चमचा' आणि 'चमचे' रेकॉर्ड करून आवाजाचं चित्र उघडलं, तर घर्षणाचा काळपट पट्टा 'त्स'मध्ये वरच्या कंपनांकडे दाटलेला दिसतो आणि टाळूच्या च-मध्ये थोडा खाली येतो. कानाला जे वाटलं ते मोजून दाखवता येतं. असे शंभर शब्द, दहा माणसांच्या आवाजात, एका तक्त्यात आले की तो दुसऱ्या वर्षाचा छोटा प्रकल्प झाला. रेकॉर्डिंग करण्याआधी प्रत्येकाची संमती घ्यायची, ही शिस्त तेव्हापासूनच लागलेली बरी.

शेवटच्या वर्षापर्यंत तिच्याकडे दोन गोष्टी असाव्यात. स्वतः लिहिलेला, प्राध्यापकांनी तपासून सुधारलेला एक लेख, आणि दुसऱ्याला उघडून वापरता येईल असा एक नीट मांडलेला भाषिक साठा, म्हणजे गोळा केलेले शब्द, मजकूर किंवा रेकॉर्डिंग. पदव्युत्तर अर्जात बऱ्याच ठिकाणी लेखनाचा नमुना मागतात. नोकरीच्या मुलाखतीत साठा दाखवता येतो. 'लिंग्विस्ट' अशी पाटी असलेली जागा पदवीनंतर लगेच क्वचितच मिळते. डेटा, आशय, संशोधन साहाय्यक अशा नावांच्या जागा शोधायला तिला आतापासून सांगा, आणि पहिल्या नोकरीकडून पगाराची फार मोठी अपेक्षा घरातल्या कुणीही ठेवू नका.

जपानीचा क्लास बंद करू नका. एक परकी भाषा प्रमाणपत्राच्या वरच्या पातळीपर्यंत नेलेली असली, तर स्थानिकीकरणाच्या आणि भाषांतर तपासणीच्या कामांत तिचं वजन पडतं. शिवाय जपानीची वाक्यरचना, तिथले परसर्ग (आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे, नामामागे येणारे) आणि आदरार्थी रूपं मराठीशेजारी ठेवून बघितली तर पहिल्या वर्षाच्या वर्गात तिला आयती उदाहरणं मिळतील. फक्त आता चौथी-पाचवी भाषा सुरू करायचा मोह आवरायला सांगा. तो वेळ या वर्षी गणिताला द्या. अर्ज भरण्याआधी निवडलेल्या दोन-तीन अभ्यासक्रमांच्या विषययाद्या मला पाठवा, आणि त्याबरोबर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान, जोडविषय कोणता आणि का. पत्र या वेळी तिनेच लिहू दे.