भाजीच्या यादीवरचा श्री

॥ श्री ॥

एडिंबरा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा दहा वाजून गेले होते, तरी बाहेर उजेड होता. तू लिहिलंस, ‘बाबा, म्युझियममधली जुनी पत्रं म्हणजे नुसता लोकरीचा गुंता. पण सगळ्यात वर श्री होतं, तेवढं मला वाचता आलं. आजीच्या भाजीच्या यादीवरपण श्री असतं. देवाला कोथिंबीर कशाला सांगायची? गुगल नको, तू सांग.’

सांगतो. फोनवर हे नीट जमलं नसतं, म्हणून पत्र. अडेल तिथे आजीला विचार.

आधी तू कुठे जाऊन आलीस ते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात दोन संग्रहालयं आहेत, एक पुरातत्त्वाचं आणि एक मराठ्यांच्या इतिहासाचं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. त्याचं मूळ मात्र १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेत. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत त्या पैशातून ती सुरू झाली. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता एल्फिन्स्टन, आणि तो शाळेत शिकला तो आपल्या या एडिंबऱ्यात. पुण्याची माणसं इथे येतात तशी इथली तिथे गेली होती, फक्त त्यांना व्हिसा लागला नाही.

पुरातत्त्वाच्या दालनात तू तोटीची लाल मडकी बघितलीस ना, काळ्या रंगाने नक्षी काढलेली? ती जोर्वे पद्धतीची मडकी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात पहिल्यांदा सापडली म्हणून ते नाव. त्याच काळातलं शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पंधरा वर्षं खणलं. तोंडाला तोंड लावून ठेवलेली मडक्यांची जोडी आणि त्यात लहान मूल, हे तू विचारलं नाहीस. विचारशील तेव्हा वेगळं लिहीन, जेवायच्या वेळी नाही.

आता पत्रं. ती बरीचशी साताऱ्याहून आली. दत्तात्रय बळवंत पारसनीस नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना जुन्या कागदांचं वेड. सरदारांच्या, कारभाऱ्यांच्या वाड्यांतून त्यांनी कागद आणि चित्रं मिळवली. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथलं दप्तरही त्यांच्या हाती आलं. त्यांचा सगळा संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला. आजी म्हणते तसं, रद्दीवाल्याच्या आधी पारसनीस पोचले.

लोकरीचा गुंता म्हणजे मोडी लिपी. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची. बोरू उचलायचा तो शाईत बुडवण्यापुरता. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. शिवाय वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्वदीर्घाची भानगडच नाही. तू त्या काळी कारकून झाली असतीस तर तुझ्या शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढल्या नसत्या. माझ्या आजोबांना शाळेत मोडी होती, माझ्या वडिलांना नव्हती. एका पिढीत आमच्या घरचे कागद आम्हालाच वाचता येईनासे झाले.

पण गुंत्यालाही क्रम असतो. पहिला श्री. मग ज्याला लिहायचं त्याचे मानपान, ‘राजश्री’, ‘स्वामींचे सेवेसी’. मग लिहिणाऱ्याचं नाव आणि नमस्कार, म्हणजे आपण जी सही शेवटी करतो ती व्यक्ती तिथे वरच येऊन वाकून उभी असते. मग ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’. आमचं बरं आहे, तुमचं कळवा. हे झालं की मगच मुद्दा. लढाई हरलेली असो की बैल हवे असोत, कुशल आधी. तू मला ‘बाबा पैसे पाठव’ एवढंच लिहितेस, त्यात काय कमी आहे ते आता कळेल.

तारखेची तर मोठी गंमत आहे. एखाद्या पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसतं. हे अरबी आकडे, उलटे मोजायचे: एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की आपलं १७६० आलं, आणि ते साल पुढच्या जूनपर्यंत चालतं, म्हणजे पानिपत त्यातच. जूनच का? कारण हे साल सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलायचं, पेरणीच्या तोंडावर. वर श्री, खाली अरबी साल, मध्ये फारशी शब्दांनी भरलेली मराठी, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज कुणी मला मराठी भाषा शुद्ध करायला सांगितली की मला ही तारीख आठवते.

शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. फार काय लिहू, तुम्हाला कळतंच. त्याच्या पुढे छोटा शिक्का. मोठा शिक्का कोणाचं राज्य ते सांगतो. पेशव्यांच्या मुद्रेत ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आधी येतं आणि मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. धाकटा शिक्का फक्त एवढंच सांगतो की मजकूर इथे संपला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तो ‘मर्यादेयं विराजते’ असा आहे. ही इथली हद्द, याखाली कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे.

म्हणजे वरून श्री आणि खालून मर्यादा, यांच्या मध्ये पत्र. खालच्या शिक्क्याचं काम कळलं. वरच्या श्रीचं काम मला कळलं ते माझ्या आजीकडून, तुझ्या पणजीकडून.

तिला वाचता येत नव्हतं. मी आठ वर्षांचा असेन. दुपारी पोस्टमन पोस्टकार्ड टाकून जायचा आणि ते वाचायचं काम माझं. मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात धावत जायचो, आजीचे हात भाकरीच्या पिठात. ती म्हणायची, ‘आधी दाखव.’ मी धरायचो. ती फक्त वरची कड बघायची. श्री दिसला की, ‘हं, वाच आता.’ पूर्ण बाराखडीत तिला ओळखता येणारं अक्षर ते एकच. मग मजकूर बाळंतपणाचा असो की कुणाच्या पिकाचा, तिचे हात भाकरी थापत राहायचे.

एकदा असंच कार्ड घेऊन मी आत निघालो आणि ती उंबऱ्यातच आडवी आली. माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. वरची कड कोरी होती. कार्ड आत येऊ दिलं नाही. मला पायरीवर बसवलं आणि म्हणाली, ‘हळू वाच.’ तिचा धाकटा भाऊ गेला होता. मी वाचून झाल्यावर तिने कार्ड घेतलं, फाडलं, तुकडे परसात टाकले आणि न्हाणीत गेली. तशी रीतच होती. मृत्यूच्या पत्रावर श्री लिहायचा नाही आणि ते पत्र घरात ठेवायचं नाही. लग्नाच्या पत्रिकेला कोपऱ्यात हळदकुंकू लावायचं, त्याच्या अगदी उलट. पाकीट न फोडता, अक्षर न वाचता, माणसाला बातमीचा रंग कळावा अशी ती सोय.

तेव्हा देवाला कोथिंबीर कुणी सांगत नाही. देवाचं नाव त्यात आहेच, लक्ष्मीचं; आणि तुझी आजी श्रद्धेने लिहिते, ते मी तिच्यापासून काढून घेणार नाही. पण मला विचारशील तर, यादीवरचा श्री म्हणजे ‘येथील कुशल’ एवढंच एका अक्षरात. तिच्या हाताला सवय अशी की कोऱ्या कडेचा कागद तिला बघवत नाही. तू तिच्यासमोर श्री न घालता यादी करून बघ. ती काही बोलणार नाही, पेन घेईल आणि वर स्वतः घालेल. (मी व्हॉट्सॲपवर बिन-श्रीचा मेसेज टाकला की आधी फोन करून विचारते, ‘सगळं ठीक आहे ना?’)

इथे सगळं ठीक आहे. कुंडीतली मेथी दोन बोटं वर आली, आईने त्यावर जाळी टाकली आहे, कबुतरं फार. आजीचे पाय दुखतात, तेव्हा येरवड्याला पुन्हा गेलात तर बसने नको, रिक्षाने जा. आणि तिथे मोडीचं एखादं पान नीट न्याहाळ. रेघ आधी मारलेली दिसते का, अक्षर कुठे रेघ सोडून खाली घसरलंय का, ते मला कळव.

बहुत काय लिहिणे. आजीला माझा नमस्कार सांग.

बाबा

ता. क. मर्यादेनंतर लिहू नये हे मीच वर सांगितलं, पण ताजा कलम म्हणून एक पळवाट आपल्याकडे आहेच. आजीच्या याद्या बाजारातून आल्यावर फेकू नकोस. एक घडी घालून तुझ्या पासपोर्टच्या पाकिटात ठेव आणि येताना घेऊन ये. कोथिंबिरीची असली तरी चालेल.