वाचकांचे प्रश्न : दुपारची गोळी आणि न्हाणीचा उंबरठा

प्रश्न : ह्यांना पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली. सिंडोपा ११० दिवसातून तीनदा आहे. सकाळी सहाला चहाआधी गोळी देते, तेव्हा चांगले चालतात. दुपारची गोळी वरण-भातासोबत घेतली की चार वाजेपर्यंत बाजेवरून हलत नाहीत. सासूबाई म्हणतात, आळस भरला. गोळी वाढवू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, हा आळस नाही आणि गोळीही कमी पडलेली नसावी. आधी ताटाकडे पाहा. त्या गोळीत १०० मिलिग्राम लिव्होडोपा आणि १० मिलिग्राम कार्बिडोपा असतं. लिव्होडोपा लहान आतड्यातून रक्तात जातं आणि तिथून मेंदूत. वरण, दूध, दही, अंडी यांतली प्रथिनंही पचल्यावर त्याच वाटेनं जातात. दोघांची गर्दी झाली की औषध मागे राहतं. सकाळची गोळी रिकाम्या पोटी जाते, म्हणून ती लागते.

दुपारची गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, पेलाभर पाण्यासोबत द्या. जेवण होऊन गेलं असेल तर निदान तासभर थांबा. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर भाकरीचा कोरका किंवा दोन बिस्किटं चालतील, दूध नको. पण वरण बंद करू नका, वजन उतरतं. वाटीभर वरण रात्रीकडे सरकवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी सुरू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा, कारण पोट हळू चालतं तेव्हा गोळी आतड्यात उशिरा पोचते.

तुम्ही वेचणीला गेल्यावर गोळीची वेळ चुकते, हे बहुतेक घरांत होतं. मोबाइलवर गजर लावा आणि तेवढी एकच गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी डबीत ठेवा. अख्खी पट्टी ठेवू नका, घेतली की नाही हे विसरून दुसरी घेतली जाते. आठ दिवस कॅलेंडरच्या पाठीमागे लिहा : गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, अंग कधी आखडलं, हात-मान आपोआप वळवळली का. ही वळवळ बहुधा औषध जास्त झाल्याची खूण असते, म्हणून मनानं गोळी वाढवायची नाही. डॉक्टरांना हा कागद तुमच्या तोंडी हकिकतीपेक्षा जास्त सांगेल.

गोळी एकदम बंदही पडू देऊ नका. अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढतो, जिवावर बेततं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी येत नाही, तेव्हा पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात असाव्यात. आणि उलटी झाली म्हणून गावात इंजेक्शन घेण्याआधी आजाराचं नाव सांगा. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीची नेहमीची औषधं पार्किन्सनमध्ये अंग आणखी आखडवतात. दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहून औषधांच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : बायकोला पार्किन्सन आहे. तिचे पाय न्हाणीच्या उंबरठ्याशी जमिनीला चिकटतात. हात धरून ओढलं तर दोघंही पडता पडता वाचलो.
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, ओढू नका. वरचं अंग पुढं येतं, पाय मागंच राहतात, आणि माणूस तोंडावर जातो. पाय अडकला की आधी थांबायचं. ताठ उभं राहू द्या. भार डाव्या-उजव्या पायावर दोनदा हलवायला सांगा, मग 'एक, दोन, तीन' म्हणून मोठं पाऊल. तुमचं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं तर ते ओलांडताना पाय बरेचदा सुटतो. डोळ्यांसमोर रेघ असली की चालणं जमतं, म्हणून न्हाणीच्या वाटेवर हातभर अंतरानं चुन्याचे आडवे पट्टे ओढा. शेणानं सारवलेल्या जमिनीवरही ते दिसतात, पुढच्या सारवणीला पुन्हा ओढावे लागतील एवढंच. गोणपाट आणि सैल चपला वाटेतून काढा. वळायचं असेल तर जागच्या जागी नको, बैलगाडीसारखा मोठा वळसा घ्यायचा. त्या चालत असताना मागून हाक मारू नका.

झोळ पडलेल्या बाजेवरून उठणं धडधाकट माणसालाही जड जातं. बाजेची दावण ताणून घ्या, चारही खुरांखाली विटा द्या आणि बाज डगमगत नाही ना ते पाहा. बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत आणि ढुंगण गुडघ्यांपेक्षा जरा उंच असावं. काठावर सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकून उठायचं. आधार कमरेला द्या, काखेत हात घालून उचललं तर त्यांचा खांदा आणि तुमची पाठ दोन्ही जातात. उठल्याबरोबर चालवू नका. या आजारात उभं राहताच रक्तदाब पडतो, औषधानंही पडतो, आणि नवतपात अंगातलं पाणी आटलं की जास्तच. दोन मिनिटं बसवा, चार घोट पाणी द्या.

प्रश्न : पार्किन्सनवर वैदू खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण देतात. सुरू करू का?

उत्तर : त्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असतं, म्हणूनच जपा. चमचाभर चुर्णात ते किती, हे वैदूला सांगता येणार नाही. वर गोळी चालूच असते, मग मळमळ, वळवळ, भास. आधीच देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न : पार्किन्सनसाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

उत्तर : मिळतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा आणि तपासणीला आधार कार्ड, फोटो व डॉक्टरांचे जुने कागद न्या. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणाऱ्या डॉक्टरांना गोळी उतरल्यावरची अवस्थाही सांगा, कारण गोळी चढलेली असताना माणूस बराच बरा दिसतो.