मिसिसागाला येण्याआधीच २०१८ ची सीआर-व्ही घेऊन ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला येताय, ओळखीचे एक जण त्यांची २०१८ ची होंडा सीआर-व्ही, १.५ लिटरच्या टर्बो इंजिनाची, घरच्या भावात देतायत, तर पुण्यातूनच टोकन देऊन ठेवायचं का. माझं मत: देऊ नका.

गाडी वाईट आहे म्हणून नाही. तुम्ही दोघंही घरून काम करणार, गाडी लागणार ती मुलीला शाळेत सोडायला आणि किराणा आणायला, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. २०१७-१८ च्या या इंजिनाला नेमक्या त्याच सोसत नाहीत. कडाक्याच्या थंडीत इंजिन पुरतं तापायच्या आत बंद झालं की थोडं न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. हायवेवर तासभर चालवली तर ऑइल तापून ते उडून जातं. छोट्या फेऱ्यांत साठत जातं आणि ऑइल पातळ होतं. याच कारणाने २०१८ मध्ये होंडाने चीनमध्ये नव्या सीआर-व्हीची विक्री थांबवली होती, पुढे सॉफ्टवेअर बदलून दिलं. या गाडीवर ते काम झालंय का, हे व्हीआयएन नंबर (गाडीचा चॅसी नंबर) दिला की डीलर सांगतो.

त्यांना एकच विचारा, रोज किती चालवता? ते ४०१ हायवेवरून रोज लांब ऑफिसला जात असतील तर इंजिन ठणठणीत असेल, पण तुमच्या हातात आल्यावर तिचं रूटीनच बदलणार. शिवाय ऑगस्टमध्ये डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघाल तर सगळं छानच दिसेल. जानेवारीत ऑइल वरच्या खुणेच्या वर चढलेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते खरं लक्षण. म्हणून हिवाळ्यातल्या सर्व्हिसची बिलं मागा.

दुसरी गोष्ट गंजाची. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. माझी पहिली गाडी मी सप्टेंबरात घेतली, वरून आरशासारखी चकचकीत. पुढच्या एप्रिलमध्ये मेकॅनिकने लिफ्टवर चढवून खालून स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर तपकिरी खपल्या माझ्या बुटांवर पडल्या. ब्रेकची पाइप बदलावी लागली. त्या गॅरेजमध्ये मी अक्षरशः रडले होते, कारण हाताशी ठेवलेले पैसे त्यात गेले. तुमच्या बाबतीत हे होऊ नये असं मनापासून वाटतं. विकणाऱ्याने दिलेल्या सेफ्टी सर्टिफिकेटवर विसंबू नका. ती त्या दिवसाची किमान तपासणी असते, वॉरंटी नाही. तुमच्या पैशाने, तुमच्या मेकॅनिककडून लिफ्टवर बघून घ्या.

कागदपत्रांत यूव्हीआयपी पाकीट (वापरलेल्या गाडीच्या सरकारी माहितीचं) देणं विकणाऱ्याचं काम आहे, त्यात गाडीवर कर्ज आहे का तेही कळतं. घरचा भाव म्हणून कर मात्र कमी होत नाही: तुम्ही दिलेली किंमत आणि रेड बुकमधली (जुन्या गाड्यांच्या भावांच्या यादीतली) किंमत यांत जी जास्त, तिच्यावर १३ टक्के.

आणि इन्शुरन्स! गाडी ठरवण्याआधी कोटेशन घ्या. २०२२ मध्ये कॅनडात सगळ्यात जास्त चोरीला गेलेली गाडी सीआर-व्हीच होती. निघण्याआधी आरटीओकडून किती वर्षं परवाना आहे याचं पत्र आणि तुमच्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र घ्या. आरटीओचं पत्र नसेल तर परवान्यासाठी फक्त १ वर्षाचा अनुभव धरतात.

तुमच्या जागी मी असते तर टर्बो नसलेली २.५ इंजिनाची माझदा सीएक्स-५ किंवा आरएव्ही-४ शोधली असती, आणि पहिले काही आठवडे बसने काढले असते. तरी सीआर-व्हीच हवी असेल तर आजच त्यांना फोन करून बिलांचे आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो मागवा. मला दाखवा, मी बघून सांगते.