वाचकांचे प्रश्न : खडूतला हृदयाकृती सी अर्चिन

प्रश्न : इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर कड्याखाली पडलेल्या खडूच्या दगडात हृदयाच्या आकाराच्या सी अर्चिनचा, म्हणजे काटेरी कवचाच्या समुद्री प्राण्याचा, जीवाश्म सापडला. कुणी त्याला मायक्रास्टर कोरटेस्टुडिनारियम म्हणतं, कुणी कोरअँग्विनम. नक्की कसं ठरवायचं?

उत्तर : ही दोन्ही मायक्रास्टर या प्रजातीतल्या जातींची नावं आहेत. आधी तो मायक्रास्टर आहे का, ते बघा. मागच्या टोकाला गुदद्वाराच्या खाली अतिबारीक दाण्यांचा वळसा असतो, त्याला फॅसिओल म्हणतात. दहापट भिंग घ्या आणि टॉर्च बाजूने तिरका धरा. सरळ उजेडात तो दिसतच नाही. हाच वळसा वरच्या पाकळ्यांभोवती, म्हणजे पाठीवरच्या छिद्रांच्या फुलासारख्या पट्ट्यांभोवती, फिरत असेल, तर हेमिआस्टर या दुसऱ्या प्रजातीचा विचार करा.

जाती ठरवायला सर्वांत भरवशाची जागा म्हणजे पाकळ्या. छिद्रांच्या दोन ओळींमधला पट्टा नीट पाहा. मायक्रास्टरच्या जुन्या लेस्केआय जातीमध्ये तो जवळजवळ सपाट असतो. कोरटेस्टुडिनारियममध्ये तो फुगीर होतो. कोरअँग्विनममध्ये मध्यावर ठळक खाच पडून त्याचे दोन भाग झालेले दिसतात. मग जीवाश्म उलटा करा : कोरअँग्विनमचं तोंड पुढच्या कडेच्या जास्त जवळ असतं आणि मागचा ओठ, म्हणजे लॅब्रम, तोंडावर पुढे आलेला असतो.

लेस्केआयपासून कोरअँग्विनमपर्यंतचा हा क्रम ब्रिटिश जीवाश्म-अभ्यासक आर्थर रो यांनी 1899 मध्ये मांडला. कोणता नमुना कड्यातल्या कोणत्या थरातून काढला, याची चोख नोंद त्यांच्याकडे होती, म्हणूनच तो टिकला. बदल हळूहळू झालेला असल्यामुळे अधलेमधले नमुने भरपूर मिळतात. त्यांच्यावर जबरदस्तीने एकच नाव चिकटवू नका. तुमचा दगड कड्याखाली पडलेला आहे, म्हणजे थर पक्का नाही. चिठ्ठीवर जागेसोबत तेही लिहा.

सफाई करताना व्हिनेगर अजिबात नको. कवच आणि खडू दोन्ही कॅल्साइटचे, त्यामुळे आम्ल दोन्ही खातं. खडू ओला करा, मऊ ब्रश फिरवा, उरलेला भाग सुईने तिरका उचला. पाकळ्यांवर सुई घासली की दाणे जातात आणि ओळखीचा पुरावाच संपतो.

प्रश्न : माझ्याकडचा नमुना चकमकीच्या दगडाचा (फ्लिंटचा) आहे. त्याचं काय?

उत्तर : तो बहुतेक कवचाच्या आतला साचा असेल. त्यावर बाहेरचे दाणे आणि फॅसिओल उमटत नाहीत, त्यामुळे जात सांगता येत नाही. आकार स्पष्ट असेल तर 'मायक्रास्टर ?' एवढंच लिहा, आणि ते प्रश्नचिन्ह गाळू नका.